रुगरच्या पिस्तुलाला गावठी कट्टा म्हणता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकी पिस्तुलांवरचा लेख वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, ग्लॉक आणि बेरेटाबद्दलचा भाग चांगला उतरलाय, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. पण रुगर या अमेरिकी कंपनीच्या ‘पी’ मालिकेतल्या पिस्तुलांची त्यांनी जी चार ओळींत वासलात लावलीय, ती वाचून गप्प बसवेना. ओतीव म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून भंगार, भंगार म्हणून कंपनीनंच गुंडाळली, आणि एकूणात काय तर अमेरिकेतला गावठी कट्टा! चार ओळींत इतक्या चुका बसवायच्या म्हणजे त्यालाही हातखंडाच लागतो.

माझ्याकडं याच मालिकेतलं पी-९५ आहे. राहतो ॲरिझोनात. ही पिस्तुलं प्रेस्कॉटच्या ज्या कारखान्यात तयार व्हायची, तो आमच्या घरापासून मोटारीनं दोनेक तासांवर, तिथल्या विमानतळाला लागूनच आहे. आणि अमेरिकेत येण्याआधीची उमेदीची वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेलीत. ओतकामातलं थोडंफार कळतं, एवढंच सांगायचं आहे.

लेखकमहाशयांच्या डोळ्यांसमोर ओतकाम म्हणजे वाळूचा साचा, त्यात लोखंड, आणि माल फोडला की आत पोकळ्या, असं चित्र दिसतंय. रुगरचं काम तसं नव्हे. आधी मेणाचा हुबेहूब नमुना करायचा. तो सिरॅमिकच्या पातळ राड्यात पुन्हा पुन्हा बुडवून त्यावर कवच चढवायचं. मग मेण वितळवून काढून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत पोलाद ओतायचं. कवच फोडलं की भाग इतका नेमका निघतो की मशीनवर त्याला जेमतेम हात फिरवावा लागतो. किंमत उतरते ती इथं. धातूत काटछाट केलेली नसते, मशीनचे तास वाचवलेले असतात. शिवाय ओतीव भाग जरा जाडच ठेवायचा ही रुगरची पद्धत, त्यामुळं पिस्तूल बोजड होतं पण झिजता झिजत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये न्यूपोर्टला कंपनीची पाइन ट्री कास्टिंग्ज ही घरची फाउंड्री आहे. याच रुगरनं नव्वदच्या दशकात कॅलवे कंपनीसाठी गोल्फच्या काठ्यांची टायटॅनियमची डोकी ओतून दिली. ती काठी घेऊन हिरवळीवर मिरवणाऱ्या साहेबांना ‘भंगार वापरता’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मालिकेतलं पहिलं पिस्तूल पी-८५, त्याच्या फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळीचा, दोष लेखकानं उगाळलाय. दोष होता, नाकारत नाही. पिन तुटलेली असेल तर खटका दाबून घोडा उतरवताना बार उडायचा धोका होता. कंपनीनं ती पिस्तुलं परत बोलावली, फुकट दुरुस्त करून दिली, आणि दुरुस्त केलेल्या पिस्तुलाच्या सेफ्टीवर ‘आर’ अक्षर ठोकलं. त्याची पुढची आवृत्ती, मार्क टू, कारखान्यातूनच सुधारून आली. ते सुरुवातीच्या मालाचं दुखणं होतं. पॉलिमरच्या, म्हणजे टणक प्लॅस्टिकच्या, सांगाड्याचं पी-९५ बाजारात आलं १९९६ मध्ये, त्याच्या गळ्यात हे लोढणं कशाला? त्याच पी-९५ ची पाच हजार नगांची मागणी अमेरिकी लष्कराच्या खरेदी खात्यानं २००४ च्या अखेरीस नोंदवली होती. लष्कर गावठी कट्टे खरेदी करत असेल तर लेखकानं ती बातमी सवडीनं पहिल्या पानावर द्यावी.

आता पत्र लिहायला घेण्याचं खरं कारण सांगतो. मनगट दुखत असल्यामुळं मला अलीकडं स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढणं जड जातं. म्हणून पिस्तूल विकावं असं मनात आलं आणि आमच्या भागातल्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, सगळीकडं तेच चालतं. माझं स्टेनलेसचं केपी-९५ डीसी, कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा, कुलूप, पुस्तिका, पंधरा काडतुसांची दोन मॅगझीन, सगळं जागच्या जागी. काउंटरवरच्या पोरानं स्लाइड मागं अडकवली, पिस्तूल उघडायला आतलं इजेक्टर, रिकामं काडतूस बाहेर फेकणारा तुकडा, बोटानं खाली दाबायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं, त्यामुळं पिस्तूल काही उघडेना. ते मी त्याला दाखवलं. नळीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, सर, हे मॉडेल बंद झालंय, आता याला कोण विचारतो, दीडशे डॉलर देतो.

माझं लक्ष काचेखाली गेलं. त्याच फळीवर दुसरं पी-९५ ठेवलेलं. डबा नाही, मॅगझीन एकच, स्लाइडवर किल्लीनं ओढल्यासारखा लांब ओरखडा. चिठ्ठीवर तीनशे नव्वद डॉलर. मी विचारलं, हे कसं काय? तर तेच पोरगं त्याच तोंडानं म्हणालं, सर, हे मॉडेल बंद झालंय ना, आता मिळत नाही!

बंद झालं म्हणून माझं दीडशेचं, आणि बंद झालं म्हणूनच त्यांचं तीनशे नव्वदचं. नवंकोरं मिळायचं तेव्हा ते दुकानात तीनशे-साडेतीनशे डॉलरला मिळायचं, म्हणजे ओरखडा पडल्यावर भाव चढला. मी डब्याला कुलूप लावलं आणि घरी आलो. मनगट दुखतंय ते दुखू दे.

तुमच्या लेखकांचा हिशेब त्या पोराच्याच जातकुळीतला आहे. वस्तू बंद झाली म्हणजे वाईट असणार. महाराज, २०१३ मध्ये ही मालिका बंद झाली ती मोडली म्हणून नव्हे, फॅशन पालटली म्हणून. लोकांना बाहेरून घोडा नसलेली, बारीक, शर्टाखाली लपणारी पिस्तुलं हवी झाली. रुगरनंच २००७ मध्ये एसआर-९ आणलं, पुढच्या वर्षी खिशात मावणारं एलसीपी आणलं. आमच्या ॲरिझोनात तर २०१० पासून पिस्तूल लपवून बाळगायला परवानाही लागत नाही, मग जाड मुठीचं पी-९५ कमरेला कोण लावतो? (ते नव्या फॅशनचं एसआर-९ पडलं तर उडू शकतं म्हणून २००८ मध्ये परत बोलवावं लागलं होतं. लेखात त्याचा उल्लेख नाही. ते देखणं असल्यामुळं त्याला माफी असावी.) आणि ‘कंपनीनं स्वस्त पिस्तुलांचा नाद सोडला’ हे तर साफ खोटं. २०१७ मध्ये सिक्युरिटी-९ आलं, तेव्हा त्याची छापील किंमत ३७९ डॉलर होती.

ज्यांच्याकडं ही पिस्तुलं आहेत त्यांना विचारलं असतं तर लेखकाला नावं ठेवायला याहून चांगला मसाला मिळाला असता. आम्ही मालक लोकच त्याला वीट म्हणतो. पहिला बार काढताना चाप लांब आणि जड ओढावा लागतो. मूठ जाड, माझ्या बायकोचं बोट चापापर्यंत धड पोचत नाही. मापाचा होल्स्टर शोधायचा तर चार दुकानं पालथी घाला. नेमबाजीच्या स्पर्धेत ते घेऊन कुणी उतरत नाही. पण आमच्या रेंजवर तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा येतात, त्यांचं पी-८९ बघा. काळा मुलामा कडांवरून घासून जाऊन खालचं पोलाद पांढरं दिसतंय. काडतुसं ते घरीच पुन्हा भरतात, त्यातली निम्मी वाकडीतिकडी. शेजारच्या गल्लीत हजार डॉलरचं पिस्तूल काडतूस अडकून बसलं की आजोबा मान न वळवता आपलं मॅगझीन रिकामं करत असतात. पगारातून पैसे साठवून एकच पिस्तूल घेणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं?

याच रेंजवर दुसरेही एक गृहस्थ आहेत, ते मात्र रुगरच्या वस्तूला शिवत नाहीत. कारण ओतकाम नव्हे, कंपनीचे संस्थापक बिल रुगर. १९८९ मध्ये रुगरसाहेबांनी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांना पत्र लिहून पंधराहून जास्त काडतुसांच्या मॅगझीनवर बंदी सुचवली होती. त्यांच्या स्वतःच्या पी-८५ मध्ये किती बसायची? बरोबर पंधरा! १९९४ च्या कायद्यानं ती मर्यादा दहावर आणली आणि २००४ पर्यंत रुगरलाही सर्वसामान्य गिऱ्हाइकाला दहाचंच मॅगझीन द्यावं लागलं. रुगर २००२ मध्ये प्रेस्कॉटलाच वारले, पण या गृहस्थांचा राग जिवंत आहे. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण निदान त्यांना पिस्तूल कशाला सोडलं ते नीट माहीत आहे.

बंदुका असाव्यात की नसाव्यात, यावर तुम्ही खुशाल लेखमाला चालवा. अमेरिकेत त्या फार झाल्यात असं मलाही वाटतं. पण एखाद्या वस्तूला नावं ठेवायची तर ती निदान ओळखता यावी. ‘पी-९५’ अशी ओळ टाकून तुम्ही जो फोटो छापलाय तो बेरेटाचा आहे. बेरेटाची स्लाइड वरून उघडी असते, आतली नळी लख्ख दिसते, शेंबडं पोरही सांगेल. आणि हे पिस्तूल भारतात परवान्यावर घेता येईल असं जे शेवटी सूचित केलंय, ते वाचून कुणी वाचक कलेक्टर कचेरीत जाऊन हसं करून घेऊ नये म्हणून सांगतो, हे पिस्तूल ९ मिमीचं, आणि ९ मिमी हे आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापांत, मोडतं. परवानाधारकाला तिथं बहुतेक वेळा .३२ इंची मापावरच भागवावं लागतं. फोटोची दुरुस्ती तरी येत्या रविवारी छापाल ना?

जाता जाता एक. तुमच्या ई-पेपरची वर्गणी मी नियमित भरतो, पण पैसे भरताना ओटीपी फक्त भारतातल्या मोबाइलवर येतो. मी कोल्हापूरच्या भाच्याचा नंबर दिलाय. आमची दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र. लहान होता तोवर मामासाठी उठायचा बिचारा, आता त्याचं लग्न झालंय आणि फोन सूनबाई उचलते. ओटीपी ईमेलवर पाठवायची सोय करावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वर्गणीदार
मेसा, ॲरिझोना
(मूळ कोल्हापूर)