डॉक्टर मॅडम, बाबांच्या प्रत्येक गाठीचा वेगळा हिशेब मांडलात त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

बाबांचा स्कॅन घेऊन तुमच्याकडे येईपर्यंत आम्ही एकच वाक्य ऐकत होतो: किडनीच्या कॅन्सरला रेडिएशन लागू पडत नाही. तुम्ही ते उडवून लावलं नाहीत, ते आलं कुठून ते सांगितलंत. रोज थोडाथोडा डोस देण्याच्या जुन्या पद्धतीला हा कॅन्सर फारसा बधत नसे. आता अचूक नेम धरून मोठा डोस एक ते पाच बैठकांत देता येतो आणि त्याला तो पुष्कळदा दाद देतो.

मग रिपोर्टच्या पाठीमागे माणसाची आकृती काढलीत (हात काढायचे राहिले, ते बाबांनी लगेच दाखवून दिलं). खुब्याच्या हाडात फक्त वेदना कमी करायची, म्हणून एकदाच ८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप). दुखणं थांबवायला तेवढं लांबलचक कोर्सइतकंच उपयोगी, मात्र पुढे पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता जास्त. मणक्यातल्या गाठीला स्टिरिओटॅक्टिक, म्हणजे तेच अचूक नेम धरून दिलेलं मोठ्या डोसचं रेडिएशन, कारण मज्जारज्जू अगदी शेजारी. आणि त्यात नंतर मणका दबू शकतो हेही लपवलं नाहीत. फुप्फुसातल्या बारीक गाठींना हातच लावायचा नाही, त्या कॅन्सरच्या गोळ्यांवर सोपवायच्या. पुढे एखादीच गाठ वाढली, तर तिच्यापुरतं रेडिएशन देऊन चालू औषध तसंच ठेवता येतं का ते बघू, म्हणालात.

रेडिएशननंतर पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. त्या रात्री बाबा कण्हत होते, पण तुम्ही लिहून दिलेली दुखण्यावरची गोळी हाताशी होती आणि कुणाचा धीर सुटला नाही. आराम पडायला काही आठवडे गेले. आता ते त्या कुशीवर झोपतात.

पाय लुळे पडले, लघवीवरचा ताबा गेला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी या, हे तुमच्या अक्षरातलं वाक्य फ्रिजवर चिकटवलंय.

आणखी एक. रेडिएशनच्या दिवसांत कॅन्सरच्या गोळ्या थांबवायच्या का, हे तुम्ही औषधोपचाराच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावून ठरवलंत. दोन विभागांमधले निरोप पोहोचवायचं काम आमच्या गळ्यात पडलं नाही, त्याचे आभार वेगळे.

तुमच्या पेशंटची मुलगी