राष्ट्रीय उद्यानातील मोटारप्रवास: अंतराबरोबर उंचीही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोलोरॅडोतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातून सहकुटुंब केलेल्या मोटारप्रवासाचा लेख आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. मुलगी, जावई, दोन नातवंडे आणि आम्ही उभयता असे सहा जण त्याच ट्रेल रिज रोडने जाऊन आलो असल्यामुळे लेखातील शिखरांचे आणि एल्क या मोठ्या हरणांच्या कळपांचे वर्णन यथातथ्य आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो. डेन्व्हरहून सकाळी निघून त्याच दिवशी परत यावे, या लेखातील सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही.

एस्टेस पार्क आणि ग्रँड लेक या दोन गावांमधला हा रस्ता जेमतेम ४८ मैलांचा आहे. परंतु त्याचा माथा १२,१८३ फुटांवर आहे आणि डेन्व्हर ५,२८० फुटांवर. म्हणजे मोटारीत बसलेले कुटुंब अवघ्या काही तासांत सुमारे ७,००० फूट वर चढते. माथ्यावरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीराला ऑक्सिजन कमी मिळतो. पायी चढणाऱ्याला दम लागतो आणि तो आपसूक थांबतो. मोटारीत बसलेल्याला मात्र आपण किती वर आलो आहोत, याचा पत्ताच लागत नाही.

आमची फसगत नेमकी येथेच झाली. वळणे सुरू झाल्यावर धाकट्या नातवाला मळमळू लागले, तेव्हा त्याला गाडी लागली असे आम्ही सर्वांनीच धरून चाललो. पत्नीचे डोके दुखू लागले, त्याचा दोष प्रखर उन्हाला दिला. सर्वांना विश्रांती मिळावी म्हणून आम्ही वरच्या अल्पाइन पर्यटक केंद्रापाशी तासभर थांबलो, आणि ते केंद्र ११,७९६ फुटांवर आहे! गाडी लागली असेल तर थांबल्यावर बरे वाटते. उंचीचा त्रास असेल तर वर थांबून काही साधत नाही, खाली उतरावे लागते. मुलाला उलटी झाल्यावर जावयांनी गाडी वळवली, आणि एस्टेस पार्कला पोहोचून थोडा वेळ गेल्यावर तोच मुलगा खायला मागू लागला. मोठी माणसे निदान डोके दुखते असे सांगतात, लहान मुले नुसती किरकिर करतात, आणि ती किरकिर कंटाळ्याची समजली जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, सुमारे ७,५०० फुटांवरील एस्टेस पार्कला निदान एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच वर निघावे. उन्हाळ्यात तेथे दुपारी गडगडाटी पावसाचे ढग वारंवार जमतात, आणि वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापुढे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरच्या सुमारे ११ मैलांच्या टप्प्यात विजेपासून आडोसा नाही. त्या दृष्टीनेही लवकर निघणे हिताचे. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

उतरतानाची गोष्टही लेखात आलेली नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांच्या विस्मरणात गेला आहे. त्या गाड्यांतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. ती न वापरता सतत ब्रेकवर पाय ठेवला, की ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. रस्त्याला अनेक ठिकाणी कठडे नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे.

अशा प्रवासलेखांसोबत आपण अंतराची आणि मुक्कामाच्या ठिकाणांची चौकट छापता. तीत प्रत्येक ठिकाणासमोर त्याची उंचीही द्यावी, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक वाचक