लाल कड्यांचा फाटा हिवाळ्यातही घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील लेखात अमेरिकेच्या यूटा राज्यातील लाल कडे हिवाळ्यात पाहण्याजोगे नसतात, असे सरसकट म्हटले आहे. ते पटत नाही. तिकडे नोकरी करणाऱ्या मुलांना सलग रजा बहुधा नाताळातच मिळते, त्यामुळे त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांचे फिरणेही त्याच थंडीत होते. अशा वाचकांनी लेखावर विसंबून बेत रद्द करू नये, म्हणून हे पत्र.

लास वेगासहून सॉल्ट लेक सिटीकडे जाणाऱ्या आंतरराज्य महामार्ग १५ वर, सीडर सिटी येण्यापूर्वी, ४० क्रमांकाचा फाटा लागतो. तेथून झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कोलोब भागात जाणारा रस्ता जेमतेम ५ मैलांचा आहे. उद्यानाच्या मुख्य दरीत सुट्टीच्या दिवसांत जी रेटारेटी असते, तिच्या मानाने हा भाग बराच निवांत असतो. जुरासिक काळातील वाळवंटाच्या टेकड्या दबून घट्ट झाल्या आणि त्यांतून या लाल कड्यांचा नवाहो वालुकाश्म बनला. वाळूच्या कणांवरील लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याला तांबडा रंग आला. आपल्या कोकणातील जांभाही लोहामुळेच लाल असतो, मात्र तो खडक झिजून तयार झालेला, तर हा वाऱ्याने आणलेल्या वाळूचा. हिवाळ्यात कड्यांच्या कंगोऱ्यांवर बर्फ साचून राहतो आणि त्या पांढऱ्या रेघांमुळे लाल रंग उन्हाळ्यापेक्षा अधिक उठून दिसतो, असे माझे मत आहे.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. कडे पश्चिमाभिमुख असल्याने त्यांवर खरे ऊन येते ते दुपारनंतर. मात्र यूटातले घड्याळ लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडापेक्षा एक तास पुढे असते आणि डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. वेगासहून जेवून निघणाऱ्यांच्या वाट्याला म्हणूनच बहुधा काळोख येतो, सकाळीच निघावे.

धोके आहेतच, आणि ते लेखात नेमकेपणाने यायला हवे होते. वेगासमध्ये स्वेटर पुरतो, पण कोलोबचा रस्ता ६,००० फुटांपलीकडे चढतो, आणि हिमवर्षावानंतर तो कधी कधी बंदही ठेवतात. सावलीतल्या वळणांवर डांबरावर बर्फाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो, त्यामुळे बर्फ वितळत असताना छायाचित्रासाठी कड्यावर चढू नये. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची त्या दिवशीची स्थिती पाहावी, आणि रस्ता बंद असल्यास हट्ट न धरता महामार्गानेच पुढे जावे.

पुरवणीच्या पुढील अंकात हिवाळी प्रवासाची ही माहिती चौकटीत दिल्यास सुट्टीचा बेत आखणाऱ्यांची सोय होईल.

आपला,
एक वाचक, पुणे