पालथा बोर्ड

मा. संपादक महोदय,

कालच्या अंकात आमच्या भागातल्या युवा केंद्राच्या स्वयंसेवक सत्काराचा फोटो आणि त्याखाली ‘स्वयंसेवक उपक्रमाला नवी दिशा’ ही बातमी वाचली. दिशेचे पुढे बघू, आधी फोटो. उजव्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या पाठीमागे, दोन खुर्च्यांवर एक फळी टाकून त्यावर चहाचे कागदी कप मांडलेले दिसतात. साहेब, ती फळी नव्हे. तो माझ्या वर्गातल्या पोरांचा वायरिंगचा बोर्ड आहे, पालथा घातलेला. खालच्या अंगाला दोन टू-वे स्विच आणि एक होल्डर लोंबकळत होता. होल्डरचा आता टवका उडालाय. कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळाले तेव्हा मी त्या बोर्डापासून चार हातांवर उभा होतो आणि मला दिसले नाही. घरी आल्यावर तुमच्या पेपरात दिसले. एवढ्यापुरते तुमच्या छायाचित्रकाराचे आभार.

आयटीआयमध्ये तारतंत्री, म्हणजे वायरमन, व्यवसाय शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून केंद्रात नाव दिले. टी-शर्टचे माप तीनदा विचारले. ‘तुम्हाला काय येते?’ हे एकदाही नाही. मग दोन रविवार ओरिएंटेशन. पायाला फुगा बांधून दुसऱ्याचा फुगा फोडायचा, त्याने स्वयंसेवकांत जवळीक निर्माण होते म्हणे. माझ्या बाबतीत गुडघ्याच्या डॉक्टरांशी झाली.

तरी शनिवारी दुपारी चारचा वर्ग सुरू केला. पहिल्या शनिवारी अकरा पोरे, तिसऱ्याला चार. पण ती चार पक्की. त्यातला एक सकाळी गॅरेजवर असतो, हात तसेच काळे घेऊन येतो. जिन्याचे वायरिंग करायला घेतले होते : खालून दिवा लावायचा, वर जाऊन बंद करायचा. या गॅरेजवाल्याने फेज, म्हणजे जिवंत तार, थेट होल्डरला दिली आणि तिच्याऐवजी न्यूट्रल स्विचमधून फिरवली. दिवा लागला, दिवा विझला, सगळे खूश. मी म्हटले, दिवा बंद ठेव, बल्ब काढ आणि आता टेस्टर लाव. टेस्टर पेटला. ‘सर, बंद आहे तरी जिवंत आहे की!’ घरातला बल्ब बदलताना माणसाला झटका का बसतो, हे त्या पोराला आता कोणी परत सांगायला नको. पुढच्या शनिवारी त्याने सगळे सोडवून नीट जोडायचे ठरले होते. त्या शनिवारी हॉलला कुलूप. त्याच्या पुढच्या शनिवारी हॉल वाढदिवसाला दिलेला. कोणाच्या, ते विचारू नका, फ्लेक्स अजून चौकात आहे. आणि त्यानंतर हा सत्कार.

तुमच्या बातमीत आणखी कॉलेजांतून स्वयंसेवक आणण्याचा संकल्प आहे. आणा. मागे कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) वीस मुले एकाच शनिवारी आली होती, माझ्या चार पोरांना ‘मार्गदर्शन’ करायला. वर्षाला 120 तास भरायचे असतात, मुलांचा काही दोष नाही. हजेरीवर सह्या झाल्या, बॅनर धरून फोटो झाला, अर्ध्या तासात पांगापांग. एनएसएसच्या बिल्ल्यावर कोणार्कचे चाक असते, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, असे आम्हाला अभिमानाने सांगितले जाई. एका प्रहराचे तीन तास होतात, एवढेच आठवण करून देतो. त्यातली एक मुलगी मात्र मागे रेंगाळली, बोर्ड निरखून पाहिला, ‘पुढच्या शनिवारी येऊ का?’ म्हणाली. तिला कळवण्यात आले की पुढचे तास वृक्षारोपणात धरले जातील. गेली बिचारी खड्डे मोजायला.

सुधारणा-सुधारणा म्हणतात ती काय करायची? मला विचाराल तर शनिवारी चार वाजता हॉल उघडा असणे ही पहिली. किल्ली एकाच शिपायाकडे न ठेवता दुसरी करून घेणे ही दुसरी. नवी दिशा सापडेपर्यंत तेवढे पुरेल. वायरचे 90 मीटरचे एक बंडल मी पदरचे आणले. बिल दिले तर ‘साहित्याला हेड नाही’, म्हणजे खर्चाच्या यादीत तो रकाना नाही, असे उत्तर. शालीला हेड आहे. माझ्या घरी आता दोन शाली आहेत आणि पोरांकडे अख्खा होल्डर नाही. आणि शंभर नवी नावे नोंदवण्यापेक्षा जे सहा महिने टिकले त्यांना एकदा बसवून विचारा, बाबांनो अडते कुठे? तिथे फुगे नकोत, चहा चालेल. फक्त कप टेबलावर ठेवा.

जाता जाता. केंद्राच्या गल्लीतल्या विजेच्या उघड्या डीपीबद्दल मी पावसाळ्याआधी तुम्हाला पत्र पाठवले होते. तुम्ही छापलेत, पण डीपीचे झाकण नाही हेच वाक्य नेमके कापलेत आणि ‘नागरिकांनी दक्षता बाळगावी’ हे ठेवलेत. दक्षता आम्ही बाळगतोच आहोत, पोरे समोरच्या कडेने जातात. झाकण अजून नाही. या वेळी जागा कमी पडली तर फुग्याचा मजकूर कापा, हा ठेवा.

येत्या शनिवारी चारला मी जाणारच आहे. गॅरेजवाल्याने नवा होल्डर स्वतःच्या पैशाने आणलाय, काल घरी येऊन दाखवून गेला. शिपाई म्हणे गावाला गेलाय, सोमवारी येईल.

— एक निवृत्त शिल्पनिदेशक, नाशिक रोड