चेंबरवाल्या दादा, बाबांच्या डोक्यावरचं तेल तुम्ही धुतलं

दादा, सप्रेम नमस्कार.

बाबांना सुट्टी मिळाली त्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती. डॉक्टरांचे आभार मानले, सिस्टरांच्या पाया पडायचंच तेवढं आईने बाकी ठेवलं होतं, पण तुम्ही भेटलाच नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. वाचलं की तुम्ही ओळखालच.

बाबांच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर, सुरू झाला होता, म्हणून डायलिसिसची गळ्यातली नळी काढायची होती. ज्या हॉस्पिटलमध्ये काढली तिथे त्यांना खुर्चीत ताठ बसवूनच ती ओढली. झोपवलं नाही, श्वास धरा म्हणून सांगितलं नाही, भोक नीट दाबून बंद केलं नाही. बाबा दोन शब्द बोलले आणि खुर्चीतच कलंडले. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. आम्हाला सांगण्यात आलं, "पॅरालिसिसचा झटका आहे. वय आहे, शुगर आहे, असं होतंच." नळी काढायला आणि झटका यायला एकच गाठ कशी पडली, हे मी विचारलं तेव्हा मला बिलाच्या काउंटरकडे पाठवलं. हे मी विसरणार नाही. चूक माणसाच्या हातून होते, ते मला समजतं. पण चूक झाल्यावर रुग्णाकडे पाठ फिरवायची, आणि तीही वेळ इतकी मोलाची असताना, याला माझ्याकडे क्षमा नाही.

तिथून बाबांना तुमच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. कॅज्युअल्टीतल्या त्या तरुण डॉक्टर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नळी काढताना बसवलं होतं की झोपवलं होतं?" माझं उत्तर ऐकलं आणि त्या धावल्याच. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत हवेचे काळे ठिपके दिसले. माणूस बसलेला असला आणि त्याने श्वास आत घेतला की गळ्याच्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि उघड्या भोकातून हवा आत ओढली जाते. एरवी ती फुप्फुसात अडकते. पण हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्माआधी एक वाट असते आणि साधारण चारातल्या एका माणसात ती पुरती बुजत नाही. बाबा त्या चारातले एक निघाले. तिथून बुडबुडे थेट मेंदूत गेले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते: दाब वाढला की वायूचं आकारमान कमी होतं. तो नियम माझ्या बापाच्या डोक्यात चालताना पाहावा लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही चेंबरचा, म्हणजे रुग्णाला आत झोपवून दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या बंद नळकांडीचा, दाब नेहमीच्या हवेच्या दाबाच्या २.८ पटीपर्यंत नेला. म्हणजे समुद्रात १८ मीटर खाली असतो तेवढा, आणि तोही समुद्रापासून शेकडो कोस लांब आपल्या नागपुरात. एवढ्या दाबाखाली बुडबुडा आकारमानाने साधारण एक तृतीयांशावर येतो. शिवाय श्वासात शुद्ध ऑक्सिजन असला की बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात विरघळून फुप्फुसावाटे निघून जातो. आणि ज्या भागाला रक्त पुरेसं पोचत नाही, त्याला रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन धरून ठेवतो. आम्स्टरडॅमच्या बोएरेमा या सर्जनने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर लाल पेशी जवळजवळ काढून घेतलेली डुकरं अशा दाबाखाली जिवंत राहिली होती. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दुपारी मला फक्त काचेसारखी पारदर्शक नळकांडी दिसत होती आणि तिच्याशेजारी तुम्ही.

आता मुद्द्याचं लिहिते.

मे महिना होता. डोकं थंड राहावं म्हणून आईने सकाळी बाबांच्या टाळूवर खोबरेल थापलं होतं. चाळीस वर्षं ती हे करते आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात कोण करत नाही? तुम्ही बाबांच्या केसांना हात लावला आणि थांबलात. शुद्ध ऑक्सिजन आणि त्यावर दाब, अशा ठिकाणी तेल, मलम, अत्तर, नायलॉनचं कापड, यांतलं काहीही आगीला निमित्त होऊ शकतं. आईला एवढंच कळलं की तेलामुळे काहीतरी अडलं. ती भिंतीला टेकून थरथरायला लागली. "मीच लावलं हो, मीच लावलं," एवढंच ती म्हणत होती.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. सकाळपासून आमच्यावर सगळे ओरडलेच होते. तुम्ही मान वर करून म्हणालात, "काऊन घाबरून राहिल्या काकू? तेल आहे, निघते ते. इथे बरेच जण तेल लावूनच येतात." आणि बाह्या सरसावल्या.

ते काम वॉर्डबॉयला सांगता आलं असतं. तुम्ही स्वतः केलंत. मानेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवलात. गळ्याच्या ड्रेसिंगला पाणी लागू नये म्हणून एक तळहात त्यावर आडवा धरलात आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी फेस केलात. तेल कानामागे साचतं, म्हणून तिथे गॉज दोनदा फिरवलात. पुसून झाल्यावर टॉवेल नाकाशी नेऊन वास घेतलात. समाधान झालं नाही, पुन्हा धुतलंत. सगळं भराभर, एकही हालचाल वाया न घालवता. आणि बाबांना सुती गाऊन घालून आत सरकवायच्या आधी तुम्ही बोटांनी त्यांचे ओले केस मागे सारलेत आणि आईला विचारलंत, "काकू, काकांचा भांग कोणत्या बाजूला असते?"

सकाळपासून बाबांना सगळे "पेशंट" म्हणत होते. एका ठिकाणी तर "हा पॅरालिसिस" म्हणाले होते. तुम्ही त्यांच्या भांगाची चौकशी केलीत. आईने डोळे पुसले आणि "डावीकडे" म्हणाली. तिथून पुढे ती थरथरली नाही. पावणेपाच तास ती चेंबरपाशी ताठ उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

दाब वाढताना कान दुखू नयेत म्हणून तुम्ही बाहेरून आवंढा गिळून दाखवत होतात आणि बाबा तुमच्याकडे पाहून गिळत होते, हेही मला दिसलं. पण ते तुमचं कामच होतं, असं तुम्ही म्हणाल. भांग तुमच्या कामात नव्हता.

डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं की उशीर झालाय, खात्री देता येत नाही. पहिल्या बैठकीनंतर बोटं हलली. पुढच्या बैठका होत गेल्या तसं बोलणं आलं. आता बाबा थोडं अडखळतात, उजव्या हाताने चहाचा कप अजून धरवत नाही. पण पेपर मोठ्याने वाचतात आणि मला गप्प बसवतात.

वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहिते, कारण मला बरेच फोन येताहेत. हा उपचार हवेच्या बुडबुड्यांवरचा आहे. पायातून फुप्फुसात गेलेल्या रक्ताच्या गाठीवर चेंबर नाही, रक्त पातळ करायची किंवा गाठ विरघळवायची औषधं लागतात. आणि घरात कोणाची गळ्यातली नळी काढणार असतील तर आडवं झोपवून काढा म्हणून ठणकावून सांगा. राग येऊ द्या त्यांना.

हॉस्पिटलच्या भिंतीवर डॉक्टरांच्या पदव्या लिहिलेल्या असतात. तुमच्यासारख्यांचं, रात्री बेडपॅन देणाऱ्या मावशींचं, स्ट्रेचर धक्का न देता नेणाऱ्या पोरांचं नाव कुठेच नसतं. तरी माणूस घरी येतो तो तुमच्याही हातांतून येतो. हे मला त्या पहिल्या हॉस्पिटलच्या मालकांना सांगायचं आहे. मशीन तिथेही महागडी होती.

दादा, वहिनींना आणि मुलांना घेऊन नंदनवनला घरी जेवायला या. आई पाटवडी-रस्सा करणार म्हणते, बाबांना रस्सा चालत नाही पण ते सोबत बसतील. मंगळवार आणि शुक्रवार सोडून कधीही या, त्या दिवशी त्यांचं डायलिसिस असतं.

तुमची,
नंदनवनची ताई