क्रूझच्या जाहिरातीत नसलेल्या गोष्टी

मा. संपादक,

स.न.वि.वि. रविवारच्या पुरवणीत कोस्टा रिकाच्या लक्झरी एक्सपिडिशन क्रूझवरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते, पण अर्धा लेख केबिन, स्पा आणि जेवणावरच गेला हो! मी स्वतः ही ट्रिप केलीये म्हणून लिहितोय. ओसा द्वीपकल्पावरचं कोर्कोवाडो नॅशनल पार्क १९७५ साली झालं, आणि २०१४ पासून तिथे गाइडशिवाय आत जाताच येत नाही, ते बरंच आहे, कारण गाइडने दाखवला नसता तर समोर झोपलेला टॅपिर (डुकरासारखा दिसणारा मोठा प्राणी) मला दगडच वाटला असता. देशात माकडांच्या चार जाती आहेत, त्या चारही तिथे आहेत, आणि लाल मकाव पोपट तर जोडीजोडीने ओरडत डोक्यावरून जातात.

किनाऱ्यावर जेट्टी वगैरे काही नाही, रबरी बोटीतून थेट गुडघाभर पाण्यात उतरायचं (बुटांचं काय झालं विचारू नका), गुडघेदुखी असलेल्यांना हे आधी सांगायला नको का?

अजून एक, लेखात मोठा हंपबॅक व्हेलचा फोटो आणि खाली सल्ला काय, तर डिसेंबर ते एप्रिल कोरड्या सीझनमध्ये जा. व्हेल तेव्हाही येतात, उत्तरेकडून, पण कमी. जास्त येतात त्या दक्षिणेकडून, साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसात. हे दोन ओळीत छापलं असतं तरी चाललं असतं.

आपला,
एक वाचक