नॉम पेन्हहून मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

सहल कंपनीबरोबर प्रवास करण्याविषयी तुझे मत मला ठाऊक आहे आणि बरेचसे माझेही तेच आहे. तरीही कंबोडियाच्या राजधानीत तीसेक मंडळींच्या घोळक्यात काढलेला आजचा दिवस तुला सविस्तर कळवावासा वाटतो.

सकाळी प्रथम राजवाडा पाहिला. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर तेथे आत सोडत नाहीत, त्यामुळे आमच्यातील दोन हौशी गृहस्थ अर्ध्या चड्डीपायी दारातच अडकले आणि बसमधून त्यांच्या लांब विजारी येईपर्यंत आम्ही सारे उन्हात ताटकळलो. रौप्य पॅगोडाच्या जमिनीला चांदीच्या पाच हजारांहून अधिक लाद्या आहेत. मात्र बहुतेक गालिच्याखाली असल्याने कडेच्या तेवढ्या दिसतात. खरी मौज भोवतालच्या ओवरीत होती. 1903-04 च्या सुमारास तेथील भिंतींवर संपूर्ण रामकेर, म्हणजे ख्मेर लोकांचे रामायण, रंगवले गेले. ओल लागून चित्रांचा खालचा भाग जागोजाग उडाला आहे, तरी आमच्यातील एक काकू प्रसंग ओळखत ओळखत थेट सेतुबंधनापर्यंत पोहोचल्या. तेथे गाइडने सांगितले की सेतूचे दगड पळवणारी जलपरी सुवर्णमच्छा ही रावणाची मुलगी असून हनुमान तिच्या प्रेमात पडला. काकूंनी ते साफ अमान्य केले, आणि गाइडही हसून पुढच्या चित्राकडे वळला.

राष्ट्रीय संग्रहालयासाठी कार्यक्रमात जेमतेम पाऊण तास होता, हा मला शुद्ध अन्याय वाटला. 1920 साली उघडलेल्या या तांबड्या, उतरत्या छपरांच्या वास्तूत को केर या जुन्या ख्मेर राजधानीतील दहाव्या शतकातील शिल्पे आहेत. वाली आणि सुग्रीव एकमेकांना असे भिडले आहेत की कोणता हात कोणाचा हे क्षणभर कळत नाही. भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्धही येथे आहे. गुडघे वाकवून झेप घेण्याच्या बेतात असलेला हा दुर्योधन चोरांनी घोट्यांपाशी तोडून नेला होता. पावले जंगलातील चौथऱ्यावरच राहिली आणि धड 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघाले. कंबोडियाने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि 2014 साली दुर्योधन मायदेशी आला. अमेरिकेतील एका संग्रहालयात असलेला भीमही त्याच वर्षी परतला. आपल्याकडे कीर्तनात ऐकलेले हे द्वंद्व इतक्या दूर, माणसाहून थोर आकाराच्या दगडात पाहताना मी तेथून हलेना, तेव्हा सहल व्यवस्थापकांना मला हाका माराव्या लागल्या.

जेवणानंतर तुओल स्लेंगला, म्हणजे एके काळी शाळा आणि मग तुरुंग असलेल्या स्मारक-संग्रहालयाला, जायचे की नाही यावरून बसमध्ये दोन तट पडले. ‘सहलीत हे अभद्र कशाला?’ असे म्हणून निम्मी मंडळी पिवळ्या घुमटाच्या मध्यवर्ती बाजारात उतरली. मी त्यांना दोष देत नाही. 17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज हे कट्टर साम्यवादी बंडखोर या शहरात शिरले आणि त्यांनी ते रिकामे करवले. पुढे या शाळेचा त्यांनी छळतुरुंग केला. वर्गांत विटांच्या अरुंद कोठड्या घातल्या आहेत आणि कसरतीच्या आडव्या खांबाला कैद्यांना उलटे टांगीत. खाली कैद्यांची छायाचित्रे ओळीने लावली आहेत. त्यांतील एका बाईजवळ तान्हे मूल आहे. आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका एका वर्गाच्या दारात थबकल्या आणि म्हणाल्या, “वर्गाची मापेसुद्धा आपल्यासारखीच आहेत हो.” पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही, काकूंनी तेवढी पाण्याची बाटली सर्वांकडे फिरवली. मी एकटा असतो तर पहिल्याच इमारतीतून बाहेर पडलो असतो. घोळका मला एरवी जाचतो, पण आज त्याच्याच आधाराने मी शेवटच्या खोलीपर्यंत गेलो.

सायंकाळी तोन्ले साप नदीवर नौकाविहार होता. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की ही नदी उलटी, आपल्या तळ्याकडे वाहू लागते, हे गाइड समजावीत असतानाच बाजारवाल्या मंडळींनी अंताक्षरी सुरू केली. आम्ही थोड्या वेळाने त्यांच्यात सामील झालो.

तू येशील तेव्हा संग्रहालयासाठी अख्खी सकाळ राखून ठेव, आणि तुओल स्लेंगला मात्र एकटा जाऊ नकोस. उद्या पहाटे सियाम रीपला निघायचे असल्याने येथेच थांबतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत